स्वतःच्या खटल्यातले न्यायाधीश : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे



न्याय हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? बहुतेकांना कोर्ट दिसते. काळे कोट, जाड फाइली आणि तारखांवर तारखा. पण आज सकाळपासून तुम्ही स्वतः किती निवाडे केलेत, हे जरा आठवून पाहा. दोन मुलांच्या भांडणात कोणाला रागवायचे, घरकामाच्या मावशींनी घेतलेल्या दोन सुट्ट्यांचे पैसे कापायचे की नाही, ऑफिसातल्या चुकीचे खापर कोणावर फोडायचे. या निवाड्यांना वकील नसतो आणि अपीलही नसते. शिवाय यातल्या बहुतेक खटल्यांत एक पक्षकार आपण स्वतःच असतो. फिर्याद आपली आणि निकालही आपलाच.

मग अशा खटल्यात न्याय व्हायचा कसा?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एक जीवन पुन्हा पुन्हा आठवते. ज्यांच्या नावाच्या आधी न्यायमूर्ती हा शब्द इतका घट्ट चिकटला आहे की तो काढला तर नाव अर्धवट वाटते, अशा महादेव गोविंद रानडे यांचे. त्यांच्या यशाचे पोवाडे पुष्कळ झाले आहेत. आज आपण त्यांच्या यशाबरोबर त्यांची एक मोठी हारही पाहणार आहोत. न्यायाचा अर्थ मला त्या हारेतूनच जास्त समजला.

खांबाशी मांडलेला डाव

रानड्यांच्या लहानपणाची एक गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. सणाचा दिवस होता. सोंगट्या खेळायची हौस होती, पण खेळायला कोणी नव्हते. तेव्हा या मुलाने घरातल्या लाकडी खांबालाच भिडू केले. एका हाताने खांबासाठी फासे टाकायचे आणि दुसऱ्या हाताने स्वतःसाठी. त्याने उजवा हात खांबाला दिला आणि डावा स्वतःकडे ठेवला. डाव संपला तेव्हा खांब जिंकला होता. बघणारे हसले, पण खांबाकडून हरण्यात मुलाला काहीच लाजिरवाणे वाटले नाही. उजव्या हाताला फासे टाकायची सवय होती, तो हात खांबाचा होता, म्हणून खांब जिंकला. एवढाच त्याचा हिशेब.

वाचकहो, खांब बोलत नाही. तो तक्रार करत नाही, फसवले तरी त्याला कळत नाही. तरीही आपला चांगला हात त्याला देऊन खेळायचे आणि हरलो तर हार मान्य करायची, यात मला न्यायाची सगळ्यात सोपी व्याख्या दिसते. समोरचा गप्प असेल तेव्हाही त्याचा डाव आपण प्रामाणिकपणे खेळतो का?

पुढच्या आयुष्यात रानड्यांसमोर असे अनेक मुके भिडू आले. कोर्टात ते शेतकऱ्याच्या रूपाने आले, समाजात विधवांच्या रूपाने आले आणि घरात एका अकरा वर्षांच्या मुलीच्या रूपाने आले.

निफाड ते मुंबई

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव सरकारी नोकरीत होते. बालपण कोल्हापुरात गेले आणि पुढच्या शिक्षणासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत आले. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या २१ विद्यार्थ्यांमध्ये ते होते. १८६२ मध्ये बी.ए., १८६४ मध्ये एम.ए. आणि १८६६ मध्ये एलएल.बी. झाले. वाचन एवढे की डोळे कायमचे अधू झाले.

विद्यार्थी असतानाच त्यांनी एका निबंधात इंग्रजी राज्यापेक्षा मराठ्यांच्या राज्याला झुकते माप दिले. प्राचार्यांना ते रुचले नाही आणि त्यांची शिष्यवृत्ती काही काळ बंद झाली. ज्या सरकारच्या पैशावर शिकायचे, त्याच सरकारच्या उणिवा दाखवायच्या, हे तिथून सुरू झाले. पुढे आयुष्यभर सरकारी नोकरीत राहूनही त्यांनी ते सोडले नाही.

१८७१ मध्ये ते पुण्यात न्यायाधीश म्हणून आले आणि पुणे सार्वजनिक सभेच्या कामात पडले. सभा आदल्याच वर्षी सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी स्थापन केली होती. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात या सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. लोक उपाशी असताना वसुली कशी चालू राहते, हे कागदावर मांडून विचारणे हेही न्यायाचेच काम होते. त्याची किंमतही मोजावी लागली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या काळात सरकारला पुण्यातल्या कर्त्या माणसांचा संशय येऊ लागला आणि रानड्यांची बदली धुळ्याला झाली. ते बंडात नव्हते. पण तक्रार करत न बसता त्यांनी धुळ्यात आपले काम चालू ठेवले.

श्रद्धेतला न्याय

रानडे भाविक होते. पहाटे उठून तुकोबांचे अभंग म्हणणे हा त्यांचा नित्यक्रम होता. मुंबईत १८६७ मध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला आणि थोड्याच काळात रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याचे आधारस्तंभ झाले. ईश्वर एक आहे आणि सगळी माणसे त्याची लेकरे आहेत, ही या समाजाची श्रद्धा. रानड्यांना ती नवी वाटली नाही. ज्ञानदेव, नामदेव, तुकाराम या संतांच्या भागवत धर्मातच तिचे मूळ आहे, असे ते मानत.

आता बघा, ही श्रद्धा मनापासून धरली की न्यायाचा प्रश्न आपोआप उभा राहतो. सगळी एकाच पित्याची लेकरे असतील, तर एका लेकराने शिकावे आणि दुसऱ्याने शिकू नये, हे कसे? पत्नी वारली तर पुरुषाने महिनाभरात दुसरे लग्न करावे आणि आठ-दहा वर्षांच्या विधवेने जन्मभर अंधारात बसावे, हे कसे? आपण देवापुढे हात जोडतो तेव्हा दया मागतो. पण दया मागणाऱ्याने आधी आपल्या भावंडांचा वाटा दिला आहे का, हे कोण पाहणार?

रानड्यांनी विधवाविवाहाच्या चळवळीला उघड पाठिंबा दिला. विष्णुशास्त्री पंडितांच्या बरोबरीने त्यांनी शास्त्राधार शोधले आणि वाद केले. १८७५ मध्ये स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले तेव्हा त्यांच्या व्याख्यानांमागे रानडेही होते. शेवटी स्वामीजींची मिरवणूक निघाली. विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढून टिंगल केली आणि चिखलफेक केली. त्या मिरवणुकीत महात्मा फुले होते आणि न्यायाधीश रानडेही होते. स्वामीजींची सगळी मते रानड्यांना पटत नव्हती. पण ज्याची मते पटत नाहीत त्यालाही बोलू दिले पाहिजे, म्हणून चिखल अंगावर घ्यायला ते तयार झाले.

घरात हरलेला खटला

आणि आता त्या हारेकडे येऊ.

१८७३ मध्ये रानड्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई वारल्या. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे होते. विधवाविवाहाचा एवढा मोठा पुरस्कर्ता आता स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. नेमकी हीच भीती वडिलांना होती. गोविंदरावांनी घाईने मुलगी पाहिली. रानड्यांनी विनवण्या केल्या, पण वडील ऐकेनात. शेवटी मुलगा वाकला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यांचे लग्न अकरा वर्षांच्या रमाबाईंशी झाले.

त्यांची स्वतःची बहीण दुर्गाही विधवा होती आणि त्याच घरात राहत होती, हे लक्षात घेतले की ही गोष्ट अधिकच टोचते. टीका खूप झाली. सनातनी हसले आणि सुधारक खिन्न झाले. आजही रानड्यांचे नाव निघाले की कोणीतरी हा प्रश्न विचारतेच. विचारलाच पाहिजे.

इथे आपण त्यांच्या बाजूने वकिली करू नये. पितृभक्ती हा सद्गुण आहे, पण त्या लग्नात ज्या अकरा वर्षांच्या मुलीचे आयुष्य ठरत होते, तिला कोणी काही विचारले नव्हते. वडिलांचे मन राखले गेले, समाजाचे राखले गेले आणि खांब मात्र मुकाच राहिला. त्या दिवशी रानड्यांनी उजवा हात त्याला दिला नाही.

पण न्याय एका दिवसात संपत नाही. चूक झाल्यावर माणूस काय करतो, तिथे त्याची दुसरी परीक्षा सुरू होते. लग्नानंतर रानड्यांनी लगेच रमाबाईंना अक्षरओळख शिकवायला सुरुवात केली. घरातल्या बायकांना हे खपत नव्हते. टोमणे रोजचेच होते आणि दुर्गाक्कांचा विरोध तर अधिकच तीव्र होता. बाहेर कोर्टात निकाल देणारे रानडे घरात शांतपणे, न भांडता रोजचा धडा घेत राहिले. मराठी झाले, मग इंग्रजी. पण घरातला छळ रमाबाईंनी एकटीने सोसला, हेही विसरू नये. शिकवणारा दिवसभर कचेरीत असे आणि शिकणारी स्वयंपाकघरात.

१८८४ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली, तीच आजची हुजूरपागा. तिच्या स्थापनेत रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक यांचा हात होता. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. पत्नी असली तरी तिचे वय बारा वर्षे पूर्ण होईपर्यंत शरीरसंबंध हा गुन्हा, असे त्याने ठरवले. आधी ही मर्यादा दहा वर्षांची होती. महाराष्ट्रात वादळ उठले. रानडे कायद्याच्या बाजूने उभे राहिले. ज्याने स्वतः एका लहान मुलीशी लग्न केले होते, त्याला गप्प राहणे किती सोपे होते! लोक जुनी गोष्ट उकरून काढणार हे दिसत होते. पण आपण चुकलो म्हणून पुढच्यांनीही चुकावे का? मी कोणत्या तोंडाने बोलू, असे म्हणून गप्प बसणे हा पुष्कळदा नम्रपणा नसतो. ती पळवाट असते.

कागदाच्या मागचा माणूस

आता कायद्यातला न्याय पाहू. मी वाणिज्य शाखेत शिकते. प्रत्येक नोंदीमागे व्हाउचर हवे, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. कागद असेल तर व्यवहार खरा. रानड्यांच्या आयुष्यातला पुढचा भाग वाचताना मला कळले की कागद खरा असूनही व्यवहार खोटा असू शकतो.

१२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे आणि खातेवह्या. त्या त्यांनी जाळल्या. पाहता पाहता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव पडले होते, शेतसारा वाढला होता आणि सावकारांनी नवे कर्ज देणे बंद केले होते. निरक्षर शेतकरी रोख्यावर नांगराची निशाणी करून मोकळा होई. आत काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे. पुढे सावकार कोर्टात जाई, शेतकरी भीतीने किंवा अज्ञानाने हजरच राहत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई. कायद्याच्या दृष्टीने सगळे बिनचूक. रोखा आहे, निशाणी आहे, साक्षीदार आहेत. न्याय मात्र कुठेच नव्हता.

या दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू होता. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन पाहण्याचा अधिकार दिला आणि ते त्याचे कर्तव्यही ठरवले. मूळ रक्कम किती हातात पडली, व्याज किती चढवले, मधे काय फेडले, हा सगळा इतिहास तपासायचा. व्याज मुद्दलापेक्षा जास्त द्यायला लावायचे नाही. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही. सावकाराने पावती द्यायची आणि हिशेब दाखवायचा. तंटा कोर्टात येण्याआधी गावातच मिटवण्यासाठी तडजोड करणारे पंच नेमायचे.

या कायद्याखाली रानडे आधी सहायक आणि पुढे विशेष न्यायाधीश झाले. या पदामुळे त्यांना चारही जिल्ह्यांत फिरून खालच्या कोर्टांची कामे तपासावी लागत. गावोगाव मुक्काम असे आणि बरोबर रमाबाईही असत. दिवसा दप्तर तपासायचे, संध्याकाळी गावातल्या लोकांशी बोलायचे. हाताखालचा न्यायाधीश रोख्याच्या मागे गेला की नुसती तारीख लावून मोकळा झाला, हे त्या दप्तरांत उघड होई.

मात्र रानड्यांनी सावकाराला राक्षस ठरवले नाही, हे मला विशेष वाटते. शेतकऱ्याला बियाण्यासाठी, बैलासाठी पैसा लागतोच. सावकाराला हाकलले तर तो पैसा देणार कोण? आणि सरकारचा शेतसारा जड असेल, तर दोष एकट्या सावकाराचा कसा? म्हणून १८९१ च्या सुमारास त्यांनी ग्रामीण पतपुरवठ्याची नवी घडी कशी बसवावी यावर लिहिले आणि शेतीसाठी कमी व्याजाने कर्ज देणाऱ्या बँकांची कल्पना मांडली. एकाच्या बाजूने निकाल दिला की न्याय झाला, असे त्यांना वाटत नव्हते. दोघांचे नीट चालेल अशी व्यवस्था होईपर्यंत तो अपुराच असतो.

१८९३ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे अकाली निधन झाले आणि त्यांच्या जागी रानडे मुंबई उच्च न्यायालयात गेले. तोवर खेड्यापाड्यांतल्या रोख्यांची धूळ त्यांनी पुष्कळ खाल्ली होती.

चहाचा पेला आणि मंडप

रानड्यांच्या नेमस्तपणावर आणखी दोन प्रसंगांत टीका झाली. १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी गेली आणि तिथे चहा झाला. ख्रिस्ती लोकांकडे चहा घेतला म्हणून वाद पेटला आणि शंकराचार्यांपर्यंत गेला. रानड्यांना स्वतःला बहिष्काराची फारशी झळ नव्हती. पण त्यांच्याबरोबरच्या सामान्य मित्रांच्या घरी लग्नकार्ये अडू लागली. त्यांच्यासाठी १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. सुधारकांना ते पाऊल मागे गेल्यासारखे वाटले. रमाबाईंनाही ते आवडले नाही.

दुसरा प्रसंग १८९५ चा. रानड्यांची सामाजिक परिषद १८८७ पासून राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाबरोबर भरत असे, त्याच मंडपात. पुण्याच्या अधिवेशनात याला कडाडून विरोध झाला. रानड्यांनी भांडण न वाढवता परिषद दुसरीकडे भरवली.

ही माघार होती की समजूतदारपणा? तुम्हीच ठरवा. मला एक फरक दिसतो. मंडप सोडला तेव्हा नुकसान त्यांच्या मानाचे झाले. चहाच्या वेळी प्रायश्चित्ताचा कमीपणा त्यांनी मित्रांसाठी स्वतःवर घेतला. १८७३ मध्ये मात्र वाकण्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली. नमते घेणे वाईट नाही. पण नमते घेताना किंमत कोणाच्या खिशातून जाते, हे पाहायला हवे.

मागे उरलेले

१६ जानेवारी १९०१ रोजी, वयाची ५९ वर्षे पूर्ण व्हायला दोनच दिवस उरले असताना, रानडे मुंबईत वारले. गोपाळ कृष्ण गोखले त्यांना गुरू मानत, हे तुम्हाला माहीत असेलच. १८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुण्यात व्याख्यान दिले आणि राजकीय हक्कांइतकीच समाजसुधारणेची निकड ओळखणारा थोर पुरुष म्हणून त्यांचा गौरव केला.

आणि रमाबाई? ज्यांना १८७३ मध्ये कोणी विचारले नव्हते, त्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम उभे केले. विधवा आणि निराधार स्त्रियांना तिथे शिक्षण मिळाले, परिचारिका आणि शिक्षिका म्हणून उभे राहता आले. १९१० मध्ये त्यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पतीविषयीच्या भक्तीने भरलेल्या त्या पुस्तकात घरातले टोमणेही आहेत आणि त्यांचे स्वतःचे डोळ्यांतले पाणीही आहे. मुका खांब बोलू लागला होता. हे रमाबाईंचे कर्तृत्व आहे. पण अक्षरओळखीचा तो पहिला धडा रानड्यांनी दिला होता, हेही खरे.

आपल्यासाठी

वाचकहो, तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की नागपूरला, कोर्टाची पायरी कदाचित कधी चढणारही नाही. पण घरातले छोटे खटले रोज तुमच्यापुढे येणार. रात्री झोपण्यापूर्वी, प्रार्थनेला बसाल तेव्हा, तीन प्रश्न स्वतःला विचारून पाहा.

आज माझ्यापुढे कोणी गप्प राहिले का? मूल, मोलकरीण, वृद्ध आई, हाताखालचा नवा मुलगा. त्यांची बाजू मी स्वतःहून मांडून पाहिली का?

आज मी नुसता कागद पाहिला की त्याच्या मागचा माणूस पाहिला? नियम बरोबर होता, पण त्यातून अन्याय तर झाला नाही?

आणि आज मी जिथे माघार घेतली, तिथे किंमत मी मोजली की दुसऱ्याने?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अवघड आले तर निराश होऊ नका. रानड्यांनाही एकदा ते अवघड आले होते. निकाल बदलता येत नव्हता. पण दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन बसता येत होते आणि ते बसले. आपल्याही घरात एखादी पाटी कोरी राहिली असेल, तर ती आजच काढूया.